प्रोस्टेट कर्करोगाची देखरेख आणि पुनःपुन्हा होणारी बायोप्सी

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी आहे. तरुणपणी तिचे वजन साधारण २० ग्रॅम असते आणि पन्नाशीनंतर ती बहुतेकांमध्ये वाढू लागते. वाढ साधी असली तर लघवी थांबून थांबून होते, रात्री दोन-तीनदा उठावे लागते, धार बारीक होते. याच ग्रंथीत कर्करोगही होतो. मात्र हा कर्करोग सर्वांमध्ये एकसारखा वागत नाही. काहींत तो हाडांपर्यंत पसरून जीव घेतो, तर काहींत वर्षानुवर्षे जागचा हलत नाही. इतर कारणांनी मरण पावलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या पुरुषांच्या शवविच्छेदनांत सुमारे एकतृतीयांश किंवा त्याहून अधिक जणांच्या प्रोस्टेटमध्ये कर्करोगाच्या पेशी सापडतात. त्यांपैकी बहुतेकांना हयातीत त्याचा पत्ताही नसतो.

अशा मंद कर्करोगावर लगेच शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार केले, तर रोगापेक्षा उपचाराचाच त्रास अधिक होण्याची शक्यता असते. लघवीवरचा ताबा जाणे, लैंगिक क्षमता कमी होणे, गुदाशयाची जळजळ हे त्रास काहींना कायमचे जडतात. यातून मार्ग काढण्यासाठी गेल्या तीन दशकांत सक्रिय देखरेख ही पद्धत रुजली. कमी धोक्याचा कर्करोग असलेल्या पुरुषावर लगेच उपचार करायचे नाहीत, पण त्याला वाऱ्यावरही सोडायचे नाही. ठरावीक काळाने तपासत राहायचे आणि रोग पुढे सरकल्याची खूण दिसली तरच उपचार सुरू करायचे. कॅनडात टोरोंटोच्या सनीब्रुक रुग्णालयात लॉरेन्स क्लॉट्झ यांनी १९९५ मध्ये अशी देखरेख सुरू केली. त्याच वर्षी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातही तिचा आरंभ झाला. टोरोंटोच्या ९९३ पुरुषांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत १५ वर्षांनंतर प्रोस्टेट कर्करोगाने मृत्यू न येण्याचे प्रमाण ९४.३ टक्के होते. ब्रिटनमधील प्रोटेक्ट अभ्यासात १,६४३ पुरुषांना देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत वाटले गेले. १५ वर्षांनंतर तिन्ही गटांत मिळून प्रोस्टेट कर्करोगाने मेलेल्यांचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आतच राहिले आणि गटागटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

देखरेख सुरक्षित आहे, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे. पुढचा प्रश्न त्या देखरेखीच्या किमतीचा आहे. देखरेखीत तीन मुख्य साधने वापरली जातात: रक्तातील पीएसएची तपासणी, एमआरआय आणि बायोप्सी. रक्त देणे सोपे असते. एमआरआयला पैसे आणि वेळ लागतो, पण शरीराला इजा होत नाही. बायोप्सीत मात्र सुई ग्रंथीत शिरते, आणि देखरेखीत ती एकदा होऊन थांबत नाही. तिचे धोके आणि तिचा भार हाच या लेखाचा विषय आहे. विषय जगभराचा असला तरी वर्धा जिल्ह्यातल्या नाचणगावसारख्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो पाहिला, तर पाश्चात्त्य ग्रंथांत सहसा न येणाऱ्या अनेक बाजू समोर येतात.

बायोप्सीची गरज का पडते, हे आधी पाहिले पाहिजे. पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींत तयार होणारे प्रथिन आहे. कर्करोगात त्याची रक्तातील पातळी वाढते, पण ग्रंथीची साधी वाढ, सूज, लघवीतला जंतुसंसर्ग, लघवीसाठी घातलेली नळी यांनीही ती वाढते. त्यामुळे पीएसए वाढला म्हणजे कर्करोग बळावला, असे म्हणता येत नाही. कर्करोगाची खरी जात पेशींच्या मांडणीवरून कळते. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये या मांडणीवर आधारलेली श्रेणी मांडली आणि थोड्याफार सुधारणांसह ती आजही वापरात आहे. पेशींच्या मांडणीला दिलेल्या दोन अंकांची बेरीज म्हणजे ही श्रेणी; तीत ३+३ म्हणजे ग्लीसन ६ हा सर्वांत मंद गट मानला जातो. त्याच्यापासून दूरच्या अवयवांत रोग पसरणे जवळपास आढळतच नाही. ३+४ झाले की विचार करावा लागतो आणि ४+३ किंवा त्यापुढे गेले की बहुतेक वेळा उपचार करावे लागतात. ही श्रेणी रक्तात दिसत नाही. ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेल्या तुकड्यातच दिसते.

एकदा तुकडा तपासून कमी धोक्याचा कर्करोग ठरला, तरी पुन्हा तपासण्याची दोन कारणे असतात. पहिले कारण पहिल्या तपासणीच्या अपुरेपणाचे आहे. बायोप्सीत १० ते १२ बारीक तुकडे घेतले जातात. प्रत्येक तुकडा साधारण दीड सेंटिमीटर लांब आणि जेमतेम एक मिलिमीटर जाड असतो. एवढ्याशा नमुन्यावरून संपूर्ण ग्रंथीचा निर्णय करायचा असतो. शेजारच्या भागात दडलेला वरच्या श्रेणीचा कर्करोग सुईला चुकू शकतो. ग्लीसन ६ म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांची काढलेली ग्रंथी तपासली, तेव्हा सुमारे एकतृतीयांश जणांत प्रत्यक्ष श्रेणी वरची निघाल्याचे अनेक केंद्रांचे अनुभव आहेत. म्हणून देखरेखीत पहिल्या वर्षाच्या आत-बाहेर होणारी बायोप्सी ही पहिल्या निदानाची खातरजमा असते. दुसरे कारण काळाचे आहे. मंद कर्करोगही काही पुरुषांत कालांतराने आक्रमक होऊ शकतो. या दोन कारणांपैकी पहिले अधिक वजनदार आहे. देखरेखीच्या सुरुवातीच्या वर्षांत श्रेणी वाढलेली दिसते, तेव्हा रोग बदललेला असण्यापेक्षा आधी चुकलेला असण्याचीच शक्यता जास्त असते.

बायोप्सीची रूढ पद्धत १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्थिरावली. रुग्णाला कुशीवर झोपवून, गुदमार्गातून बोटभर जाडीची सोनोग्राफीची दांडी आत सरकवतात. पडद्यावर ग्रंथी दिसते. भूल देणारे औषध ग्रंथीभोवती टोचले जाते. मग स्प्रिंगवर चालणारी सुई गुदाशयाची भिंत भेदून ग्रंथीत शिरते आणि क्षणात तुकडा घेऊन बाहेर येते. प्रत्येक तुकड्याच्या वेळी खटका वाजतो आणि अनेकांना त्या आवाजाचीच धास्ती बसते. हे काम १५ ते २० मिनिटांत आटोपते आणि रुग्ण सहसा त्याच दिवशी घरी जातो. दुसऱ्या पद्धतीत सुई गुदमार्गातून न जाता अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून ग्रंथीत शिरते. त्वचेवाटे होणाऱ्या या बायोप्सीचा विचार पुढे केला आहे.

किती बायोप्स्या करायच्या, याबाबत जगातील केंद्रांत एकमत नाही. जॉन्स हॉपकिन्समध्ये सुरुवातीला दरवर्षी बायोप्सी होत असे. नेदरलँड्समधून २००६ मध्ये सुरू झालेल्या प्रायस या आंतरराष्ट्रीय उपक्रमात पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या वर्षी बायोप्सी करण्याचे ठरले. पीएसए वेगाने दुप्पट होत असेल तर ती दरवर्षी करायची होती. अमेरिकेतील कॅनरी पास या अभ्यासात पहिल्या आणि दुसऱ्या वर्षी, त्यानंतर दर दोन वर्षांनी बायोप्सी होते. प्रोटेक्ट अभ्यासातील देखरेख मुख्यतः पीएसएवर चालली आणि ठरावीक काळाने बायोप्सी करण्याचा नियम तिथे नव्हता. तरीही तिचे दीर्घकालीन निष्कर्ष वर दिल्याप्रमाणे दिलासादायक ठरले. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही २०१९ पासून वर्ष-दीड वर्षाने एमआरआय आणि नियमित पीएसए यांवर भर दिला आहे. बायोप्सी त्यांनी काळजीचे कारण दिसेल तेव्हासाठी ठेवली. म्हणजे साठाव्या वर्षी देखरेखीत आलेल्या माणसाला पुढच्या दहा वर्षांत एका वेळापत्रकानुसार दहादा सुईला सामोरे जावे लागेल, तर दुसऱ्यानुसार एक-दोनदा. इतका फरक असेल, तर प्रत्येक सुईचा हिशेब मांडणे भाग आहे.

हिशेबाची पहिली बाजू शरीराची आहे. प्रोटेक्ट अभ्यासातल्याच १,१४७ पुरुषांना बायोप्सीनंतर ३५ दिवस प्रश्नावल्या दिल्या गेल्या आणि २०१२ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४३.६ टक्के पुरुषांना वेदना झाल्या. ६५.८ टक्क्यांना लघवीतून, ३६.८ टक्क्यांना शौचातून आणि ९२.६ टक्क्यांना वीर्यातून रक्त गेले. १७.५ टक्क्यांना ताप आल्यासारखे वाटले. यातला बराचसा त्रास सौम्य होता आणि आपोआप थांबला. रुग्णालयात भरती होण्याची वेळ १.३ टक्के जणांवर आली. पण या अभ्यासातील आणखी एक नोंद देखरेखीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. बायोप्सी झाल्या झाल्या विचारले, तेव्हा पुन्हा बायोप्सी करावी लागली तर ती मध्यम किंवा मोठी अडचण वाटेल असे सुमारे ११ टक्के जण म्हणाले. आठवडाभराने तेच विचारल्यावर हे प्रमाण जवळपास २० टक्क्यांवर गेले. टेबलावरची काही मिनिटे सहन होतात, नंतरचे दिवस अधिक लक्षात राहतात.

वीर्यातले रक्त कित्येक आठवडे दिसू शकते. ते घातक नसते, पण आधी सांगितले नसेल तर माणूस घाबरून जातो आणि संकोचामुळे कुणाला विचारतही नाही. काहींची लघवी बायोप्सीनंतर अडते आणि तात्पुरती नळी घालावी लागते. ग्रंथी आधीच मोठी असलेल्यांत ही शक्यता अधिक असते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या हृदयरुग्णांत रक्तस्राव लांबू शकतो. ही औषधे थांबवायची की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे लागते. ती परस्पर बंद करणे बायोप्सीपेक्षा घातक ठरू शकते. वारंवार बायोप्सीने लैंगिक क्षमतेवर परिणाम होतो का, यावर निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. जॉन्स हॉपकिन्सच्या एका अभ्यासात बायोप्स्यांची संख्या आणि लैंगिक क्षमतेतील घट यांचा संबंध दिसला. नंतरच्या काही अभ्यासांत ही घट वयोमानाने होणाऱ्या घटीपेक्षा वेगळी काढता आली नाही.

सर्वांत गंभीर धोका जंतुसंसर्गाचा आहे. गुदाशयात असंख्य जंतू असतात. सुई त्या भिंतीतून जाताना त्यांतले काही प्रोस्टेटमध्ये आणि तिथून रक्तात नेते. म्हणूनच बायोप्सीआधी प्रतिजैविक दिले जाते आणि दीर्घकाळ त्यासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिन हेच औषध वापरले गेले. पण ते औषध जुमानत नाहीत असे जंतू जगभर वाढत गेले. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात बायोप्सीत कर्करोग न आढळलेल्या पुरुषांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांपैकी ३० दिवसांत रुग्णालयात भरती व्हावे लागलेल्यांचे प्रमाण १९९६ मध्ये १ टक्का होते, ते २००५ मध्ये ४.१ टक्क्यांवर गेले. यांतल्या बहुसंख्य भरतींमागे जंतुसंसर्ग होता. भारतात हा प्रश्न अधिक तीव्र आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीविना प्रतिजैविके सहज मिळतात, ताप-जुलाबाला ती सर्रास घेतली जातात आणि कोर्स अर्धवट सोडला जातो. त्यामुळे आतड्यांतले ई. कोलाय जंतू मोठ्या प्रमाणावर सिप्रोफ्लॉक्सॅसिनला निर्ढावले आहेत. परदेशी पुस्तकातील औषधयोजना इथे जशीच्या तशी वापरली, तर संरक्षण मिळेलच असे नाही.

बायोप्स्यांची संख्या वाढली की संसर्गाचा धोकाही वाढतो का, यावरही एकवाक्यता नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आधीच्या प्रत्येक बायोप्सीमागे संसर्गाची शक्यता सुमारे एकतृतीयांशाने वाढलेली दिसली. अमेरिकेतील वृद्धांच्या विमा-नोंदींवरील दुसऱ्या अभ्यासात पुढच्या बायोप्सीत भरती होण्याचा धोका आधीपेक्षा जास्त दिसला नाही. पण या मतभेदाने मूळ गणित बदलत नाही. प्रत्येक वेळचा धोका तितकाच राहिला, तरी पाच वेळा तो पत्करणाऱ्याचा एकूण धोका एकदा पत्करणाऱ्यापेक्षा जास्त असतो. शिवाय दर वेळी दिलेले प्रतिजैविक पुढच्या वेळेसाठी अधिक चिवट जंतू मागे ठेवून जाऊ शकते.

संसर्ग उग्र झाला, तर थंडी वाजून ताप येतो, रक्तदाब उतरतो, माणूस गोंधळल्यासारखे बोलतो आणि काही तासांत प्रकृती हाताबाहेर जाऊ शकते. बायोप्सीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत आलेला ताप ही तातडीची बाब आहे. घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट पाहण्याची ही वेळ नसते. मधुमेही, लघवीची नळी असलेले, नुकतेच रुग्णालयात राहून आलेले किंवा गेल्या काही महिन्यांत प्रतिजैविके घेतलेले रुग्ण यांनी विशेष सावध राहावे लागते. याच ठिकाणी राहत्या गावाचे अंतर वैद्यकीय घटक बनते.

नाचणगाव हे देवळी तालुक्यात, पुलगावला लागून आहे. मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे पुलगाव स्थानक जवळ असल्याने प्रवासाची सोय आहे. तरीही मूत्ररोगतज्ज्ञ, सोनोग्राफीखाली होणारी बायोप्सी आणि प्रोस्टेटचा एमआरआय यांसाठी सुमारे ३० किलोमीटरवरच्या वर्ध्याच्या परिसरात किंवा त्याही पुढे नागपूरला जावे लागते. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे १९६९ मध्ये सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि तिचे कस्तुरबा रुग्णालय आहे. सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, एम्स आणि राष्ट्रीय कर्करोग संस्था अशी मोठी केंद्रे आहेत. ग्रामीण भागाच्या मानाने या जिल्ह्याचे भाग्य चांगले आहे. पण भर दुपारी ठरवून केलेला प्रवास आणि मध्यरात्री थंडीतापाने कुडकुडणाऱ्या माणसाला घेऊन गाडी शोधणे यांत फार अंतर आहे. म्हणून बायोप्सीनंतरचे पहिले दोन-तीन दिवस शक्य असल्यास वर्ध्यात नातेवाइकाकडे काढावेत. ते जमत नसेल, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, रुग्णालयाचा दूरध्वनी आणि ठरलेली गाडी यांची तयारी आधीच करून ठेवावी. जवळच्या डॉक्टरला बायोप्सीची तारीख आणि दिलेले प्रतिजैविक कळवून ठेवणेही तितकेच आवश्यक आहे.

खर्चाची बाजू केवळ बायोप्सीच्या शुल्कापुरती नसते. पीएसए, लघवीची तपासणी, एमआरआय, तुकड्यांचा पॅथॉलॉजी अहवाल, औषधे, सोबत येणाऱ्या मुलाची किंवा पत्नीची बुडालेली मजुरी आणि चार-पाच फेऱ्या असा तो साठत जातो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांची रचना मुख्यतः रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांभोवती आहे. वर्षानुवर्षे चालणाऱ्या बाह्यरुग्ण तपासण्यांचा भार बराचसा घरावरच पडतो. परिणामी उपचार मोफत आणि देखरेख पदरमोडीची, अशी उलटी स्थिती येऊ शकते आणि कुटुंबाचा कल नकळत शस्त्रक्रियेकडे झुकतो. वर्धा जिल्ह्याने आरोग्यखर्चाची वाटणी गावपातळीवर करण्याचा एक मोलाचा प्रयोग पाहिला आहे. सेवाग्रामच्या रुग्णालयाने १९८०च्या दशकापासून आसपासच्या गावांत ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन आरोग्य विमा चालवला. सुगीनंतर हाती धान्य असते तेव्हा वर्गणी द्यायची आणि आजारात रुग्णालयाने आधार द्यायचा, अशी ती कल्पना होती. दीर्घ देखरेखीच्या आजारांसाठीही गावाच्या अर्थचक्राला धरून अशी व्यवस्था उभी राहू शकते, याचे हे उदाहरण आहे.

अर्थचक्राचा संबंध तारखेशीही आहे. कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या या पट्ट्यात पेरणीचा जून आणि कापूस वेचणीचे दिवाळीनंतरचे महिने हातचे सोडता येत नाहीत. बायोप्सीनंतर काही दिवस जड ओझे उचलणे, मोटारसायकल आणि सायकल टाळायला सांगितले जाते. ऐन हंगामात दिलेली तारीख त्यामुळे चुकते, पुढची तारीख लांबते आणि देखरेख तुटते. देखरेखीत दोन-तीन महिन्यांचा फरक सहसा चालतो. म्हणून तारीख पीकपाण्याचा विचार करून देणे वैद्यकीयदृष्ट्याही शहाणपणाचे आहे.

देखरेख तुटणे हा परदेशातही ओळखीचा अनुभव आहे. प्रायस उपक्रमात ठरलेली बायोप्सी पहिल्या वर्षी ८१ टक्के पुरुषांनी करून घेतली. चौथ्या वर्षी हे प्रमाण ६० टक्के, सातव्या वर्षी ५३ आणि दहाव्या वर्षी ३३ टक्के राहिले. पीएसएसाठी रक्त द्यायला मात्र बहुतेक जण येत राहिले. यावरून पुरुष देखरेखीला कंटाळले, असे म्हणता येत नाही. त्यांना सुई नकोशी झाली होती. जे वेळापत्रक दोनतृतीयांश लोक अखेरपर्यंत पाळू शकत नाहीत, ते कागदावर कितीही काटेकोर असले तरी संरक्षण देत नाही.

मनावरचा भार मोजायला कठीण, पण खरा असतो. बायोप्सी ठरल्यापासून अहवाल येईपर्यंतचे दिवस अस्वस्थतेत जातात. दर वेळी रोग बळावला की काय, हा प्रश्न नव्याने उभा राहतो. गावात कॅन्सर हा शब्द उच्चारला की चर्चा पसरते आणि उपचार न घेता फक्त तपासण्या करणाऱ्या माणसाला घरचे-दारचे टोकत राहतात. त्यात सुई लागली की गाठ पसरते, अशी समजूत विदर्भातच नव्हे, सगळ्या महाराष्ट्रात खोलवर रुजलेली आहे. प्रोस्टेट बायोप्सीच्या सुईच्या वाटेने कर्करोग पसरणे अत्यंत विरळ आहे आणि या भीतीने आवश्यक बायोप्सी टाळणे धोक्याचे आहे. पण या समजुतीला हसून उडवून लावणेही योग्य नाही. बायोप्सीचे खरे धोके, म्हणजे संसर्ग, रक्तस्राव आणि लघवी अडणे, हे नीट समजावले तरच काल्पनिक भीती मागे पडते.

वारंवार बायोप्सीच्या आणखी एका धोक्याबद्दल कमी बोलले जाते. प्रत्येक बायोप्सी नवी माहिती देते, पण ती माहिती नेहमीच निर्णायक नसते. ३+३ आणि ३+४ यांच्या सीमेवर दोन अनुभवी विकृतिशास्त्रज्ञांचेही मत वेगळे पडू शकते. जितक्या जास्त सुया, तितकी ४ अंकाची मांडणी अल्प प्रमाणात सापडण्याची शक्यता अधिक. त्यातल्या काहींवर झालेले उपचार आयुष्य वाढवत नाहीत, दुष्परिणाम मात्र देतात. म्हणून श्रेणी वाढल्याचा अहवाल आला, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी काचपट्ट्या मोठ्या केंद्रातील तज्ज्ञाकडून पुन्हा वाचून घ्याव्यात. काचपट्ट्या आणि मेणातील ठोकळे प्रयोगशाळेकडून मागून घेता येतात. बायोप्सीने पीएसए काही आठवडे चढलेला राहतो आणि ग्रंथीतल्या रक्तस्रावाने एमआरआयचे चित्र धूसर होते. त्यामुळे या दोन्ही तपासण्या बायोप्सीच्या आधी किंवा नंतर दोन-तीन महिन्यांनी करणे इष्ट असते.

भार कमी करण्याचे मार्ग आता उपलब्ध आहेत. पहिला मार्ग एमआरआयचा आहे. अकरा देशांतील ५०० पुरुषांवर झालेल्या प्रिसिजन अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. आधी बायोप्सी न झालेल्या पुरुषांत एमआरआय आधी केल्यास २८ टक्के जणांची बायोप्सी टळली. तरीही महत्त्वाचा कर्करोग सापडण्याचे प्रमाण २६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर गेले. देखरेखीतल्या पुरुषांतही एमआरआयमुळे संशयित जागेवर नेम धरून तुकडा घेता येतो. मात्र चांगल्या एमआरआयनंतरही काही महत्त्वाचे कर्करोग निसटतात. म्हणून केवळ एमआरआय स्वच्छ आहे एवढ्यावर खातरजमेची बायोप्सी सरसकट रद्द करता येत नाही. पीएसए आणि ग्रंथीचा आकार यांचे गुणोत्तर कमी असेल, साधारणतः ०.१५ च्या खाली, आणि एमआरआयही निर्मळ असेल, तर पुढची बायोप्सी लांबवण्याला बळकट आधार मिळतो. चित्र वाचणारा रेडिओलॉजिस्ट प्रोस्टेटच्या एमआरआयचा सराव असलेला असणेही तितकेच महत्त्वाचे आहे.

दुसरा मार्ग सुईची वाट बदलण्याचा आहे. त्वचेवाटे केलेल्या बायोप्सीत सुई गुदाशयातून जात नाही. अमेरिकेतील प्रिव्हेंट या २०२४ च्या चाचणीत त्वचेवाटे बायोप्सी झालेल्या एकालाही संसर्ग झाला नाही आणि तेही प्रतिबंधक प्रतिजैविकाविना. गुदमार्गाच्या गटात, प्रत्येकाच्या जंतूंनुसार औषध निवडूनही, १.४ टक्क्यांना संसर्ग झाला. हा फरक संख्याशास्त्राच्या निकषावर सीमारेषेवर होता आणि दुसऱ्या एका चाचणीत दोन्ही गटांतला संसर्ग जवळपास सारखाच निघाला. तरी प्रतिजैविकांचा वापर घटणे हाही भारतात मोठा लाभ आहे. युरोपीय मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस त्वचेवाटे बायोप्सीचीच आहे. जिथे ही सोय नाही, तिथे बायोप्सीआधी गुदाशय पोव्हिडोन आयोडीनने स्वच्छ केल्यास संसर्ग कमी होतो. हा उपाय स्वस्त आहे आणि कोणत्याही रुग्णालयात करता येतो. आधी गुदाशयाचा स्वॅब तपासून योग्य प्रतिजैविक निवडणे आणि लघवीत संसर्ग असल्यास बायोप्सी पुढे ढकलणे, हेही तितकेच सोपे आणि प्रभावी आहे.

तिसरा मार्ग थांबण्याचा आहे. देखरेखीचा हेतू योग्य वेळी बरे करणारा उपचार देता यावा, हा असतो. वय आणि इतर आजार पाहता माणसाचे अपेक्षित आयुष्य दहा वर्षांहून कमी असेल किंवा शस्त्रक्रिया-किरणोपचार त्याला झेपणारच नसतील, तर बायोप्सीच्या उत्तराने काही बदलत नाही. अशा वेळी लक्षणांवर नजर ठेवणे पुरते. पंच्याहत्तरीनंतर, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारासह जगणाऱ्या माणसाला केवळ वेळापत्रकात आहे म्हणून बायोप्सीला नेणे त्याच्या हिताचे नसते.

या विषयाची मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे. भारतात प्रोस्टेट कर्करोगाचे मोठ्या संख्येने रुग्ण रोग पसरल्यावरच डॉक्टरकडे पोहोचतात. सेवाग्रामची संस्था चालवत असलेल्या वर्धा जिल्ह्याच्या कर्करोग नोंदणीत या रोगाचे प्रमाण महानगरांच्या तुलनेत बरेच कमी दिसते. पाठदुखी, हाडदुखी, लघवीतले रक्त या तक्रारी अंगावर काढणाऱ्या वृद्धांसाठी अतिबायोप्सी हा प्रश्न नाही, वेळेवर निदान हा आहे. पण आरोग्य तपासणीच्या पॅकेजमधून पीएसए आता तालुक्याच्या प्रयोगशाळांपर्यंत पोहोचला आहे. लवकर सापडणाऱ्या मंद कर्करोगांची संख्या त्यामुळे वाढत जाणार आणि देखरेखीची गरजही. दोन्ही प्रश्न एकाच जिल्ह्यात, कधी एकाच घरात, शेजारी शेजारी उभे राहतील. ज्याला बायोप्सी हवी त्याला ती मिळाली पाहिजे आणि ज्याला नको त्याची ती टळली पाहिजे.

यासाठी प्रत्येक पुनर्बायोप्सीच्या आधी रुग्णाने आणि डॉक्टरांनी मिळून काही प्रश्नांची उत्तरे शोधावीत. मागच्या बायोप्सीनंतर पीएसए, एमआरआय किंवा बोटाने केलेल्या तपासणीत काय बदलले? या बायोप्सीचे उत्तर वाईट आले तर कोणता उपचार देणार, आणि तो रुग्णाला मान्य आहे का? उत्तर चांगले आले तर पुढची बायोप्सी किती वर्षे लांबणार? संसर्ग टाळण्यासाठी काय केले जाणार आणि ताप आल्यास रात्री कुठे जायचे? या प्रश्नांची उत्तरे केसपेपरवर लिहून ठेवावीत. पीएसएच्या सर्व नोंदी, एमआरआयची सीडी, पॅथॉलॉजीचे अहवाल आणि दिलेल्या प्रतिजैविकांची नावे एकाच फायलीत असली, तर डॉक्टर किंवा रुग्णालय बदलले तरी तीच तपासणी पुन्हा करावी लागत नाही. उपचाराचा निर्णय ज्या बायोप्सीवर अवलंबून आहे, ती चुकवू नये. जिच्या उत्तराने निर्णयात काहीच बदल होणार नाही, ती करू नये. देखरेखीतील बायोप्सीचे प्रमाण ठरवण्याचा हाच निकष आहे, आणि तो टोरोंटोइतकाच नाचणगावालाही लागू पडतो.